बंबाचा नळ

"बाई, ओरडून चाक सुटत नसतं. नोटीस घ्या आणि बाजूला व्हा."

"नोटीस घेते की. आधी एवढं सांगा, त्या नळात पाणी आहे का?"

महापालिकेच्या पथकाचा माणूस जरा गडबडला. सकाळचे साडेसहा वाजले होते. माझ्या व्हॅनच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर अडकवून तो हात झटकत उभा होता, आणि गल्लीच्या तोंडाशी सात पोरं पाठीला दप्तरं लावून आमचं भांडण फुकटात बघत होती.

"पाणी आहे की नाही ते आमच्या खात्याकडं नाही," तो म्हणाला. "नळ आहे ना? आहे. लाल आहे ना? आहे. त्याच्यापासून पंधरा फुटांच्या आत गाडी आहे ना? आहे. विषय संपला."

"मग माझ्या दारातल्या बादलीलाही लाल रंग फासून जा. तीही बंबाच्या कामाला येईल."

पोरं खिदळली. तो हसला नाही. त्यानं नोटीस काचेवर चिकटवली, तळहातानं थोपटून नीट बसवली. मग पोरांच्या गणवेशांकडं बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, खाली बसून त्यानं जॅमर काढला.

"शाळेची पोरं आहेत म्हणून चाक सोडतो. नोटीस मात्र राहणार. तिसरी आहे तुमची."

तिसरी आहे हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती. पहिल्या दोन मी देवघराच्या खणात जपून ठेवल्या होत्या.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या शहरात बाजारातल्या एका कापडाच्या दुकानाला आग लागली. बंब वेळेत आला, पण रस्त्यावरच्या नळापुढं टेम्पो उभे होते. ते हलवेपर्यंत माळ्यावर झोपलेली दोन माणसं गेली. त्यानंतर महापालिकेनं शहरभरचे बंबाचे नळ शोधून काढले, त्यांना लाल रंग दिला आणि त्यांच्यापुढं गाडी लावणाऱ्यांना नोटिसा द्यायला सुरुवात केली. ते योग्यच होतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की ज्यात पाणी आहे त्या नळाला जपा. शाळेच्या गाड्यांसाठी नियम आणखी कडक होता. वर्षात तीन नोटिसा झाल्या की गाडीचं नाव शाळेच्या यादीतून काढायचं. हरकत असेल तर आठ दिवसांत अर्ज करायचा.

त्या व्हॅनशिवाय माझ्या घरात दुसरं काही नव्हतं. नवरा पुण्याला कंपनीत लागतो म्हणून गेला तो गेलाच. मागं दोन मुली आणि मी. आठ वर्षं मी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, मग जुनी व्हॅन घेतली आणि चालवायला शिकले. गल्लीतल्या बायकांनी आधी तोंडाला पदर लावून हसून घेतलं, आणि वर्षाच्या आत आपली पोरं माझ्याच गाडीत बसवली. यादीतून नाव गेलं असतं तर मी पुन्हा पोळपाटाशी. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याच्या सासूच्या देखरेखीखाली, पोळीचा काठ जाड राहिला म्हणून ऐकून घेत. ते पुन्हा नको, एवढंच मी देवाकडं मागत असे.

गाडी दुसरीकडं लाव म्हणणं सोपं होतं. आमची पिंजारी गल्ली इतकी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागे. गल्लीच्या तोंडाशी महापालिकेची जुनी शाळा होती (माझी पोरं लांबच्या शाळेत जायची); तिच्या भिंतीला लागून एका व्हॅनपुरती जागा होती. तिथंच तो नळ.

आणि त्या नळात थेंबभर पाणी नव्हतं. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. का नव्हतं, तेही माहीत होतं. कारण ते मीच करायला लावलं होतं.

आमच्याकडं पाणी तीन दिवसांआड यायचं, दीड तास. ते सोडायचं काम सिद्राम कोरेचं. तो महापालिकेचा चावीवाला. छातीइतकी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून तो पहाटे यायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, आत चावी घालून फेरे द्यायचा, आणि मग घरोघरी नळ फुरफुरायला लागायचे. साठीकडं झुकलेला माणूस, अंगानं काटकुळा, बोलायला गरीब. बायकांना सरसकट आक्का म्हणायचा, माझ्यासारख्या वीस वर्षांनी लहान बाईलासुद्धा. त्याच्या चहाची सोय प्रत्येक गल्लीत असे, कारण त्याची मर्जी गेली तर अंघोळ गेली.

पण मर्जी असूनही आमच्या चढावरच्या घरांना पाणी पोचत नव्हतं. बंबाचा नळ उताराला, त्याचं बूड गंजलेलं, निम्मं पाणी तिथूनच गटारात जायचं. सिद्रामनं दुरुस्तीचा कागद दोनदा वर पाठवला होता. कागद वर गेला की तो वरच राहतो. शेवटी एका सकाळी मी सहा बायका गोळा केल्या आणि रिकाम्या घागरी त्याच्या सायकलीपुढं ओळीनं मांडल्या.

"आक्का, वाट सोडा. पुढच्या गल्लीचं पाणी सोडायचंय."

"आमच्या नळाला पाणी आल्याशिवाय तुमची सायकल हलणार नाही."

"मी तरी काय करू? नळ गळतोय. त्या फाट्याचा व्हॉल्व्ह बंद केला तरच पाणी वर चढंल."

"मग करा की बंद."

"बंबाची लाइन हाय ती. बंद करायची नसती."

"तुमच्या सगळ्या नोकरीत बंब आलाय का कधी या गल्लीत?"

त्यानं घागरींच्या ओळीकडं बघितलं. रिकाम्या घागरीकडं फार वेळ बघवत नसे त्याला. तो खाली वाकला, बाजूचं छोटं झाकण उचललं आणि चावीला साडेचार फेरे दिले. मी मोजले. त्या दिवशी माझ्या नळाला असं पाणी आलं की बादलीचं बूड वाजलं. मी त्या झाकणावर नारळ फोडला.

त्या दिवाळीत मला कळलं की त्याला बहीण नाही, आणि मला भाऊ नव्हताच. भाऊबीजेला मी त्याला बोलावलं. इस्त्रीचा आकाशी शर्ट घालून आला, पाटावर अवघडून बसला, ओवाळताना त्याचे डोळे भरून आले. तेव्हापासून तो माझा सिद्रामदादा, आणि आमचं बोलणं तुम्हीवरून तूवर आलं. दर भाऊबीजेला तोच शर्ट. सहा वर्षं. व्हॅन घेतली तेव्हा कुठं लावू म्हणून मी त्यालाच विचारलं होतं.

"लाव की नळापाशी," तो म्हणाला होता. "त्यात काय हाय आता."

नोटिशीवर मी दोन पानी अर्ज केला. सुनावणी उपायुक्त नाडगौडांपुढं होती. चार तास बाकावर बसवतील, मग हाकलतील, अशा तयारीनं मी गेले होते. पण साहेबांनी वेळेवर आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि माझा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. माझा अर्ज पुरता वाचणारा तो पहिला माणूस.

"तुमचं म्हणणं, नळ बंद आहे."

"कोरडा ठणठणीत आहे साहेब. सहा वर्षं."

"आमच्या कागदावर चालू आहे."

"कागदावर येत असेल पाणी. नळाला येत नाही."

साहेब किंचित हसले. "नळ निकामी असेल तर नोटीस रद्द होते. नियमच आहे तसा. पण तुम्ही म्हणता एवढ्यावर मला तो निकामी धरता येणार नाही. पाणीपुरवठ्याच्या माणसाचा जबाब हवा. तुमच्या भागाचा चावीवाला आला तर उत्तम. त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? सोमवारी अकराला घेऊन या."

मी जिना उतरले ती हातात पेढ्यांचा पुडा असल्यासारखी. लोक चावीवाल्याच्या मागं मागं फिरतात, आणि माझा तर भाऊच चावीवाला.

त्या शनिवारी आमचं पाणी पहाटेऐवजी संध्याकाळी होतं. सिद्रामदादा झाकण लावून घरी आला, चावी भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यात बसला. मी चहा दिला आणि सगळं सांगितलं.

"सोमवारी? अकराला?"

"पाच मिनिटांचं काम आहे दादा. एवढंच म्हणायचं, नळाला पाणी नाही. मी काही खोटं बोल म्हणत नाही."

"खोटं न्हाईच ते," तो म्हणाला. "खरंच हाय."

त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली, पण प्यायला नाही. थोडं आणखी बोलणं झालं. मग त्यानं बशी खाली ठेवली आणि चावी खांद्यावर घेतली.

"येतो आक्का सोमवारी."

सोमवारी तो माझ्या आधी येऊन महापालिकेच्या पायरीवर उभा होता. अंगात भाऊबीजेचा आकाशी शर्ट. टोपी धुतलेली. मी म्हटलं, "लग्नाला आलास की काय?" तो हसला. जिना चढताना त्यानं कठड्याला धरलं होतं. एवढी चावी फिरवणारा माणूस, त्याला कठडा कशाला लागतो, असं माझ्या मनात येऊन गेलं.

साहेबांनी त्यालाही बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"नाव?"

"सिद्राम मल्लप्पा कोरे."

"नोकरी किती झाली?"

"तीस वरीस साहेब. पुढच्या साली सुटतो."

"पिंजारी गल्लीच्या तोंडाला बंबाचा नळ आहे. त्याला पाणी येतं?"

सिद्रामदादानं माझ्याकडं बघितलं. स्टेजवर गाणं विसरलेल्या पोराला आई मान हलवून धीर देते तशी मी मान हलवली.

"न्हाई साहेब."

"कधीपासून?"

"सहा वर्सं झाली."

साहेबांनी लिहून घेतलं नाही. त्यांनी पेन बंद केलं, घंटी वाजवली आणि शिपायाला पाणीपुरवठ्याची तपासणीची वही आणायला सांगितलं. वही लांबडी होती, लाल कापडाच्या पाठीची. साहेबांनी शांतपणे पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि वही टेबलावर उलटी फिरवून सिद्रामदादापुढं केली.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"ही?"

"तीबी माझीच."

मी जागेवरूनच वाचू शकत होते. नळ तपासला. पाणी चालू. दाब ठीक. आणि पुढं 'सिद्राम', मोठ्या कष्टानं काढलेली एकेक सुटी अक्षरं, पहिलीतल्या पोरासारखी. महिन्याला एक सही. साहेब पानं उलटत राहिले आणि तो प्रत्येक पानाला "माझी" म्हणत राहिला. सहा वर्षांच्या बहात्तर सह्या होत्या. थोड्या वेळानं त्यानं टोपी काढून हातात धरली.

"बाजारात दोन माणसं गेली, माहीत आहे ना?"

"व्हय साहेब."

"या गल्लीत आग लागली असती तर बंबानं याच नळाला पाइप जोडला असता. तुमच्या सहीवर विश्वास ठेवून. चाळीस घरं आहेत तिथं."

सिद्रामदादा खाली बघत होता.

"व्हॉल्व्ह कुणी बंद केला?"

"मी."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

डोक्यावर पंखा कुरकुरत फिरत होता. साहेबांच्या पुढ्यात माझी नोटीस होती, तिच्याशेजारी रबरी शिक्का. शिक्का अजून उमटला नव्हता. मी टेबलापासून दोन हातांवर होते. मला तोंड आहे, आणि केवढं आहे ते सगळ्या शहराला माहीत. साहेब, मी सांगितलं. आम्ही घागरी लावून त्याला अडवला. त्यानं दुरुस्तीचा कागदही दिला होता, दोनदा. एवढी तीन वाक्यं. ती माझ्या मनात जुळली, जिभेवर आली, दातांशी येऊन थांबली. मी शिक्क्याकडं बघत राहिले.

"कुणी न्हाई साहेब," सिद्रामदादा म्हणाला. "माझंच डोकं चाललं तसं."

साहेबांनी शिक्का उचलून नोटिशीवर मारला, खाली सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"तुमची नोटीस रद्द. या तुम्ही. कोरे, तुम्ही थांबा."

मी कागद घेतला आणि निघाले. दारातून वळून बघावं असं वाटलं, पण बघितलं नाही. लहान पोरांची शाळा सव्वाबाराला सुटते, त्यांना ताटकळत ठेवून कसं चालेल, असं मी स्वतःला सांगत जिना उतरले. पोरं फाटकाशी उभीच होती. पुढच्या सीटवर बसणारी बालवाडीतली चिमुरडी रोज काहीतरी विचारायची. तिला घरात कुणीतरी सांगितलं असावं.

"काकू, तुम्ही जिंकलात का?"

"जिंकले," मी म्हटलं.

सिद्रामदादाला त्याच दिवशी निलंबित केलं. चौकशी चार महिने चालली, पण चौकशीत काढण्यासारखं काही नव्हतंच. प्रत्येक प्रश्नाला तो हो म्हणाला. त्याला कामावरून काढून टाकलं, तीस वर्षांच्या नोकरीचं पेन्शनही गेलं. लोखंडी चावी त्यानं स्वतः सायकलवरून नेऊन खात्यात जमा केली, आणि सायकल तिथंच ठेवून चालत घरी आला. सायकलही खात्याची होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

तो नळ मात्र महापालिकेनं आठ दिवसांत दुरुस्त केला. दोन माणसं आली, खड्डा खणला, गंजलेला तुकडा कापून नवा बसवला, फाट्याचा व्हॉल्व्ह उघडला. जेवायच्या सुट्टीआधी काम संपलं. नळ उघडून बघितला तेव्हा पाण्याचा लोट शाळेच्या भिंतीवर आदळला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. गळती थांबल्यामुळं आमच्या चढावरच्या घरांनाही पाणी पूर्वीसारखंच येत राहिलं. उलट थोडं जास्तच. एवढ्या अर्ध्या दिवसाच्या कामासाठी तो माणूस सहा वर्षं खोटं लिहीत होता.

नळाला पाणी आल्यावर तिथं गाडी लावणं संपलं. मी व्हॅन मारुतीच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत लावायला लागले. पुजाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, लावा की. आधीही लावली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. घरापासून दहा मिनिटं चालावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

गल्लीत या सगळ्याची चर्चा झालीच. "सहा वर्षं खोट्या सह्या मारत होता म्हणे मेला," ज्या बायका माझ्याबरोबर घागरी घेऊन उभ्या होत्या त्यांच्यातलीच एक नळाशी म्हणाली. "आपली घरं जळाली असती की." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी बादली उचलून घरात गेले.

भाऊबीज आली. मी सकाळीच अंगण सारवून पाटाभोवती रांगोळी काढली, करंज्या ताटात काढल्या, निरांजनात वात घालून ठेवली. तो येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी दुपारपर्यंत दाराकडं बघत बसले. तीन वाजता मी तबकावर रुमाल टाकला आणि त्याच्या घरी गेले.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. महादेवीवहिनी एरवी मला बघितलं की "आल्या का वन्सं" म्हणून हाताला धरून आत न्यायची. त्या दिवशी ती चौकटीत उभी राहिली. दार अर्धंच उघडं होतं. आतल्या खोलीत खाटेचा पाय तेवढा दिसत होता.

"ते झोपलेत."

"उठेपर्यंत बसते मी."

"नको."

तिनं रुमाल टाकलेल्या तबकाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. बऱ्याच दिवसांत ती नीट झोपली नसावी.

"वन्सं, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"त्या शनिवारी ते तुमच्याकडनं आले. जेवले न्हाईत. मी खोदून खोदून विचारलं तवा म्हणाले, वहीत माझ्या सह्या हायत, मी गेलो की वही निघंल, नोकरी जाईल. मी म्हटलं, मग आक्काला सांगा की तसं. तर म्हणाले, सांगून आलोय. मी म्हटलं, मग काळजी सोडा. सांगितलंय ना? मग ती न्हाई न्यायची तुमाला. बहीण हाय ती. ह्या भरवशावर मी झोपले बघा त्या राती. आन् सोमवारी हे शर्ट घालून निघाले. खरंच सांगितलं होतं का हो त्यांनी तुमाला?"

शनिवारी संध्याकाळी थोडं आणखी बोलणं झालं असं मी मघाशी म्हटलं. ते बोलणं हे.

"आक्का, एक अडचण हाय," बशीकडं बघत तो म्हणाला होता. "वहीत दर महिन्याला माझी सही हाय, पाणी चालू म्हणून. मी न्हाई म्हणालो की साहेब वही मागवणार."

"मागवतील कशाला? साहेब भला माणूस आहे."

"भला हाय म्हणूनच मागवंल. नोकरी जाईल आक्का माझी. दीड वरीस राहिलंय."

आणि मी त्याला म्हटलं होतं, "म्हणजे माझी व्हॅन गेली तरी चालेल तुला. पोरींना घेऊन मी पुन्हा पोळ्या लाटू. मग दर भाऊबीजेला माझ्यापुढं पाटावर येऊन बसतोस ते कशाला?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं न पिता बशी खाली ठेवली. मला सगळं माहीत होतं. वही, सह्या, दीड वर्ष, सगळं. सोमवारी त्या खोलीत वही उघडली तेव्हा दचकण्यासारखं माझ्यापुढं काहीही नव्हतं.

महादेवीवहिनी वाट बघत होती. मी हो म्हणू शकत होते. तिथं शिक्का नव्हता, साहेब नव्हते, माझी व्हॅन देवळामागं सुखरूप उभी होती.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "मला काहीच बोलला नाही तो. माहीत असतं तर मी नेलं असतं का त्याला?"

आत खाट करकरली. मग त्याचा आवाज आला, स्पष्ट, झोपेचा मागमूस नसलेला.

"बरोबर हाय. मी कायबी बोललो न्हवतो आक्काला. तुला उगाच म्हणालो."

वहिनीनं वळून आत बघितलं, मग माझ्याकडं. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि तिनं रडत रडत माझा हात धरला.

"माझंच चुकलं वन्सं. भलतंच मनात आणलं मी तुमच्याबद्दल. चार महिनं तुमाला बोल लावत बसले. माफ करा मला. या, आत या, ओवाळा त्यांना."

तिनं दार पूर्ण उघडलं, डोळे पुसले आणि पाट मांडायला गेली. तो खाटेवरून उठला, खुंटीवरचा आकाशी शर्ट बनियनवर चढवला आणि पाटावर येऊन बसला. मी उंबऱ्याशी चपला काढल्या, निरांजन लावलं आणि त्याला ओवाळलं. वात संपेपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत.